सुई टोचू नये म्हणून, आणि टोचलीच तर

वॉर्डात सुई बहुतेकदा टोचते ती इंजेक्शन दिल्यानंतर: टोपण परत लावताना, ट्रेमधला पसारा आवरताना किंवा भरून वाहणाऱ्या डब्यात सुई कोंबताना. मुंबईच्या गजबजलेल्या वॉर्डांत, जिथे दोन खाटांमध्ये गादी टाकून तिसरा पेशंट असतो, तिथे सुई हातात धरून डब्यापर्यंत चालणं हाच मोठा धोका. म्हणून पांढरा, न भोसकला जाणारा डबा आणि हब कटर (सुई सिरिंजपासून कापणारं यंत्र) ट्रॉलीवरच ठेवा; डबा तीन चतुर्थांश भरला की बदला. टोपण लावूच नका. अगदीच इलाज नसेल तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचला. पेशंट हात झटकणारा असेल तर धरायला आधीच कुणाला तरी बोलवा. नाइटच्या शेवटच्या तासांत, थकव्यात, हे हमखास राहून जातं.

टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगून नोंद करा. पेशंट बाधित असेल तर एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के, पण लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा 6 ते 30 टक्के! पेशंटची आणि तुमची रक्ततपासणी करून घ्या. पीईपीची (एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्यांची) गरज ठरली तर पहिला डोस शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत. गोळ्या 28 दिवस. केईएम, सायन, नायर, जे.जे. इथे एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रं आहेत.

हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) तपासा. 10 mIU/mL किंवा जास्त हवा.