मेव्हन बिल्डमध्ये प्लगिनची डिपेंडन्सी अडकते तेव्हा

जावा प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हनच्या पॉममध्ये (प्रोजेक्टची माहिती असलेल्या फाइलमध्ये) डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे लागणारी म्हणून, लायब्ररी टाकलेली असते, कोडही कंपाइल होतो, तरी बिल्ड सर्व्हरवर प्लगिन (बिल्डमधलं एखादं काम करणारा जोडभाग) 'क्लास सापडला नाही' म्हणून आडवं पडतं. बहुतेक वेळा लायब्ररी चुकीच्या ठिकाणी लिहिलेली असते. मेव्हन प्रत्येक प्लगिनसाठी स्वतंत्र क्लासलोडर (लायब्ररीतला कोड शोधून आणणारा भाग) उभा करतो. प्रोजेक्टच्या डिपेंडन्सी त्याला दिसत नाहीत, आणि 'डिपेंडन्सीमॅनेजमेंट'मध्ये ठरवलेलं व्हर्जनही लागू होत नाही. हे दुसरं अनेक अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही.

आधी प्लगिनच्या हाती नेमकं काय लागलंय ते बघा. मोठ्या 'एक्स'चा पर्याय लावून बिल्ड चालवा, लॉग फाइलमध्ये वळवा आणि प्लगिनच्या नावासोबत 'क्लास रेल्म' शोधा. त्याखालच्या 'इन्क्लुडेड' ओळींत एकेक जार (लायब्ररीची फाइल) व्हर्जनसकट दिसतो. 'नो सच मेथड एरर' येत असेल तर जार आहे, पण व्हर्जन भलतंच आहे.

कोडच्या शैलीचे नियम तपासणाऱ्या चेकस्टाइलचं उदाहरण घ्या. मेव्हनचं चेकस्टाइल प्लगिन ३.६.० स्वतःसोबत चेकस्टाइल ९.३ आणतं. नियमांची फाइल १०च्या मालिकेसाठी लिहिलेली असेल, तर नवा नियम त्याला ओळखताच येत नाही. अशा वेळी पॉममध्ये त्या प्लगिनच्या ब्लॉकच्या आतच 'डिपेंडन्सीज' उघडा आणि तिथे 'कॉम.पपीक्रॉल.टूल्स' या ग्रुपचं 'चेकस्टाइल' हव्या त्या व्हर्जनसह लिहा. प्लगिनने स्वतः मागितलेल्या व्हर्जनपेक्षा हे वरचढ ठरतं. मात्र चेकस्टाइल १०ला जावा ११ लागतो. सर्व्हरवर जावा ८ असेल तर 'क्लास फाइल व्हर्जन ५५.०' अशी तक्रार येते. ५५ म्हणजे जावा ११, ५२ म्हणजे जावा ८.

प्लगिनचं व्हर्जन कधीही मोकळं सोडू नका. नेहमीच्या प्लगिनसाठी मग मेव्हनच्या त्या आवृत्तीत ठरलेलं व्हर्जन लागतं, बाकीच्यांसाठी रेपॉझिटरीतलं (जार आणि प्लगिन जिथून उतरतात त्या साठ्यातलं) ताजं. म्हणजे सर्व्हरवरचा मेव्हन बदलला की बिल्डही बदलली. सगळी व्हर्जन पॅरेंट पॉमच्या 'प्लगिनमॅनेजमेंट'मध्ये लिहा.

प्लगिनच सापडत नसेल, तर रेपॉझिटरीकडे वळा. प्लगिनसाठी मेव्हन 'रेपॉझिटरीज' नाही, 'प्लगिनरेपॉझिटरीज' वाचतो. सेटिंग्ज फाइलमध्ये मिररला (मूळ रेपॉझिटरीऐवजी वापरायच्या पत्त्याला) नुसता तारा, म्हणजे 'सगळ्या रेपॉझिटरी', दिला असेल तर दोन्हीकडच्या मागण्या त्या मिररकडेच जातात. तिथे हवी ती रेपॉझिटरी जोडलेली नसली की पॉममध्ये काहीही लिहा, उपयोग नाही. शिवाय मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीचे पत्ते मुळातच अडवले जातात. पत्ता एचटीटीपीएसचा करा.

दुरुस्ती करूनही तोच एरर आला, तर मेव्हनने आधीचं अपयश जपून ठेवलेलं असतं. जारच्या फोल्डरमध्ये 'लास्टअपडेटेड' शेपटीची फाइल दिसेल. मोठ्या 'यू'चा पर्याय लावा किंवा ती फाइल उडवा. पूर्ण 'डॉट एम२' (उतरवलेले जार ठेवायचं फोल्डर) पुसायची घाई नको.

सर्व्हर इंटरनेटशिवाय चालवायचा असेल तर सगळं आधीच उतरवून ठेवू पाहणाऱ्या 'गो-ऑफलाइन' कमांडवर विसंबू नका. टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगिन त्यासाठीचा प्रोव्हायडर (टेस्टच्या फ्रेमवर्कशी जुळणारा जार) ऐन वेळी ठरवून मागवतं, त्यामुळे तो आधी उतरलेलाच नसतो. उतरवलेले जार कुठे ठेवायचे ते सांगणारा 'मेव्हन.रेपो.लोकल' रिकाम्या फोल्डरकडे वळवून टेस्टसह 'व्हेरिफाय' एकदा ऑनलाइन चालवा. मग त्याच फोल्डरवर छोट्या 'ओ'चा पर्याय लावून पुन्हा चालवा. दुसरी फेरी पार पडली तरच ते भरलेलं फोल्डर सर्व्हरवर न्या, आणि मिररचा आयडी दोन्हीकडे एकच ठेवा. जार कुठल्या आयडीवरून आला याची नोंद मेव्हन ठेवतो. आयडी बदलला की फाइल डिस्कवर असूनही 'इथून पूर्वी उतरवलेली नाही' म्हणत ऑफलाइन बिल्ड थांबते.