शार्डोने नाही, शाब्ली आहे: बेदाण्याच्या शेडपासून वाइनच्या परीक्षेपर्यंत

गोव्यातल्या हॉटेलात नोकरीला लागून तिसरा आठवडा होता. एका बाईंनी शार्डोने मागितली. मी यादीवरून नजर फिरवली आणि अदबीनं सांगितलं, "सॉरी मॅडम, शार्डोने नाही, शाब्ली आहे." बाई नुसत्या हसल्या. मॅनेजरनं मात्र किचनच्या दाराआड नेऊन चांगलंच झापलं. शाब्ली म्हणजे फ्रान्समधलं एक गाव, बर्गंडीच्या उत्तर टोकाचं. त्या नावाची वाइन होते ती फक्त शार्डोने द्राक्षाचीच. बाटलीवर गाव असतं, द्राक्ष नसतं.

झापलं त्याचं एवढं नाही, पण अथणी तालुक्यातल्या द्राक्षवाल्याची पोरगी द्राक्षातच चुकली, हे मनाला लागलं. त्या पगारातून पैसे बाजूला टाकून पुढं मी मुंबईत डब्ल्यूएसईटीची, म्हणजे वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टची, लेव्हल २ केली. १९६९ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही संस्था, तिचं प्रमाणपत्र हॉटेलवाले ओळखतात. बेळगावात हॉटेल मॅनेजमेंट करणारी मुलं हल्ली मला या परीक्षेबद्दल विचारतात, म्हणून हे लिहितेय.

आधी गावांचा घोळ मिटवा. आपण दुकानात "डिंक, गूळ, सुकामेवा घातलेली वडी द्या" म्हणत नाही, गोकाकचा करदंट म्हणतो. युरोपातल्या बऱ्याच वाइनचं तसंच आहे. साँसेरची पांढरी म्हटली की सॉव्हिन्याँ ब्लाँ, बारोलो म्हटलं की नेब्बिओलो, रिओहाची लाल म्हटली की मुख्यतः टेम्प्रानियो. ऑस्ट्रेलिया, चिली, आपलं नाशिक इथल्या बाटल्यांवर द्राक्षाचं नाव सरळ छापलेलं असतं, तिथं अडत नाही.

नुसत्या जोड्या पाठ केल्या तर आठवड्यात विसराल. कारण धरा. बोर्डोत नदीच्या डाव्या तीरावर खडीची जमीन आहे. पाणी निचरून जातं, रान लवकर तापतं, म्हणून उशिरा पिकणारं कॅबर्ने सॉव्हिन्याँ तिथं साधतं. उजव्या तीरावर चिकणमाती जास्त, ती गार राहते, तिथं लवकर पिकणारं मर्लो. माझ्या वडिलांना, आप्पांना, हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मुरमाड रान नि काळं रान. ह्यात शिकायचं काय गं?"

आप्पांचं ते बोलणं खरं होतं. वर्गात फिलॉक्सेराचा धडा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून गेलेल्या या किडीनं युरोपच्या वेलींची मुळं खाऊन बागाच्या बागा झोपवल्या, आणि उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर युरोपी वेलीचं कलम भरण्याचा. वर्गातल्या बाकीच्यांना ते डोळ्यासमोर येईना. मला आमच्या बांधावरचा डॉगरिज दिसला. तोही अमेरिकनच खुंट, आम्ही तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून लावतो. छाटणीचंही तसंच. आपण एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी, कारण आपल्याकडं वेल थंडीत झोपत नाही. तिकडं वर्षात एकदाच मुख्य छाटणी, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना.

घरच्या ज्ञानानं एके ठिकाणी दगाही दिला. मला वाटायचं मोठा मणी, पातळ साल, बी नाही म्हणजे उत्तम द्राक्ष. थॉमसन द्राक्षाला जीए नावाचं संजीवक देऊन मणी फुगवणाऱ्या घरात दुसरं काय वाटणार! वाइनला नेमकं उलटं लागतं, बारीक मणी आणि जाड साल. लाल वाइनचा रंग सालीतूनच येतो, रस बहुतेक जातींचा पांढराच असतो. साखर मोजायचं यंत्र मात्र तेच, शेडवर आप्पांच्या खिशात असतं ते ब्रिक्स मीटर. साधारण २२ ब्रिक्सच्या रसातली साखर यीस्टनं पुरती खाल्ली की १२ ते १३ टक्के अल्कोहोल होतं.

चव घेण्यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. पुस्तकात गूजबेरी, ब्लॅककरंट. मी कुठं बघितलेत? मग मी वहीत माझीच नावं लिहिली. सॉव्हिन्याँ ब्लाँला चिरलेल्या ढबू मिरचीचा वास, शिराझला मिऱ्याचा, आणि गडद लाल वाइनला जांबोटीच्या करवंदांचा. परीक्षेत पुस्तकातलेच शब्द येतात, तेव्हा तेही शेजारी लिहा. टॅनिन म्हणजे तुरटपणा, कच्च्या सुपारीसारख्या हिरड्या आवळतात तो. आंबटपणा वेगळा, त्यानं चिंच आठवावी तसं तोंडाला पाणी सुटतं. सुरुवातीला दोन्ही एकच वाटतात. एकदा आप्पांना कॅबर्नेचा घोट दिला, तर तोंड वाकडं करून म्हणाले, "बी चावल्यागत लागतंय." टॅनिन मुख्यतः सालीतून आणि बियांतून उतरतं. पहिल्याच घोटाला ओळखलं.

घोट घ्यायचा आणि थुंकायचा, ही शिस्त आहे. "दारूचं शिक्षण" म्हणून चार दिवस न बोललेल्या आईला मी हेच सांगितलं. तिचं माहेर निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यातलं, थुंकण्यासाठी फी भरावी लागते यावर तिचा अजून विश्वास नाही.

लेव्हल २ ला लेव्हल १ ची अट नाही. एका तासात ५० प्रश्न, पर्याय निवडायचे, ५५ टक्क्यांना पास. चव घेण्याची परीक्षा लेव्हल ३ पासून. माझा पेपर इंग्रजीत होता. पण फ्रेंच नावं मी देवनागरीत लिहून पाठ केली. पिनो न्वार, सॉव्हिन्याँ, साँसेर. आपल्या चंद्रबिंदूमुळं नाकातला उच्चार कागदावर दिसतो. वर्गातल्या इंग्रजी माध्यमवाल्यांनी माझी वही उतरवून घेतली, हे जरा मिरवूनच सांगते.

नोकरी गावाजवळ मिळेल असं धरून चालू नका. कर्नाटकच्या २००७ च्या वाइन धोरणात नंदी खोऱ्याबरोबर आपलं कृष्णा खोरंही होतं, पण आमच्या भागातलं द्राक्ष अजून बहुतेक बेदाण्यालाच जातं. कामं आहेत ती गोव्याच्या हॉटेलांत, नाशिकच्या आणि बेंगळुरूजवळच्या वाइनरींत. सराव घरी होतो. एक करा, "रूम टेंपरेचर"वर विसंबू नका. तो हिशेब युरोपातल्या गार खोल्यांचा, १५ ते १८ अंशांचा. अथणीच्या एप्रिलात लाल बाटली फडताळात ठेवलीत तर नुसतं अल्कोहोल नाकात जाईल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या घरी तिची जागा खालच्या कप्प्यात, ताकाच्या कळशीमागं. पाहुणे आले की आई कळशी थोडी पुढं ओढते.