महागाईत घर चालवताना या चुका टाळा: हिशेब महिन्याचा नव्हे, हंगामाचा मांडा

महागाई वाढली की आमच्या गावात पहिली कुऱ्हाड पोरांच्या दुधावर पडते. दूध तोडल्याची बचत त्याच आठवड्यात दिसते, आणि घाईच्या माणसाला तेवढेच हवे असते. खरी गळती मात्र दुसरीकडेच असते.

महिन्याचा हिशेब हा पगारदारांचा हिशेब आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि त्यानंतर होळीपर्यंत कपाशीचा व तुरीचा पैसा येतो. उरलेले सहा-सात महिने तोच पुरवावा लागतो. मोबाइलवर पाहिलेला महिन्याचा तक्ता हौसेने भिंतीवर चिकटवणारी नवी जोडपी ज्येष्ठात तो काढून टाकतात, कारण जमेच्या रकान्यात लिहायला तेव्हा काहीच नसते. वर्षाचे धान्य, डाळ, तेल, फी आणि बियाणे यांचे पैसे मी कापूस विकला की लगेच वेगळे काढते आणि राहिलेल्यात घर चालवते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे घरची तूर शेवटच्या दाण्यापर्यंत विकून वर्षभर दुकानातून डाळ आणणे. पाच माणसांच्या घरात दिवसाला पाव किलो धरली, तर वर्षाला सुमारे 91 किलो डाळ लागते. तुरीची साधारण सत्तर टक्के डाळ पडते, म्हणजे 130 किलो तूर मागे ठेवावी लागते. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये आहे; त्या भावाने एवढ्या तुरीचे 10,400 रुपये होतात आणि घरची डाळ किलोला 114 रुपयांच्या आसपास पडते. त्यात भरडाई मिळवावी, चुरी गुरांना जाते ती वजा करावी आणि मग दुकानातल्या भावाशी ताडून पाहावे. बाजारात हमीभावही मिळत नसेल, तर घरची डाळ आणखी स्वस्त पडते.

मात्र तूर ठेवणे म्हणजे पोते कोपऱ्यात लोटणे नव्हे. हे मी नुकसान सोसून शिकले. एका वर्षी घरात लग्न होते, म्हणून मळणीनंतर तुरीला एकच ऊन दाखवून मी दोन पोती कोठीत भरली. आषाढात कोठी उघडली तेव्हा भिंतीवर तपकिरी भुंगे फिरत होते, दाण्यादाण्याला गोल भोक होते आणि चिमटीत दाबले की पीठ निघत होते. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सूप आणून माझ्यासमोर ठेवले. चार दिवस पाखडून अर्धे पोते हाती लागले आणि पुढे दिवाळीपर्यंत डाळ उधारीवर आणावी लागली. या भुंग्यांची लागण बहुधा शेतातच, शेंगांवर सुरू होते. त्यांना अख्खा दाणा लागतो. सोललेल्या डाळीत त्यांची वाढ फारशी होत नाही. म्हणून मी आता तुरीला चार कडक उन्हे दाखवते, दाणा दाताखाली कडकन फुटतो का ते पाहते आणि गुढीपाडव्याच्या आत सगळी तूर भरडून घेते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाल मिल जवळपास असेल, तर जात्याची सबबही उरत नाही. काही जण कोठीत विषारी गोळी टाकून मोकळे होतात. तिच्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. पोरे झोपतात त्या घरात हा सोपा उपाय मला ऐकवतही नाही.

उधारीची नोंद केवळ दुकानदाराच्या वहीत असणे ही त्याखालोखालची चूक होय. जिन्नस नेतानाच त्याचा भाव आपल्या वहीत उतरवून घ्यावा.

कूलर बंद खोलीत ठेवू नये. तीच दमट हवा फिरत राहते, अंग चिकचिकते आणि वीज मात्र जळते. तो खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवून समोरची खिडकी उघडी ठेवावी. 75 वॅटचा जुना पंखा रोज 14 तास चालला तर महिन्याला 31 युनिटे खातो आणि 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा 13. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढे भाव एकदम चढतो, त्यामुळे वैशाखात हा फरक बिलावर उमटतो.

गॅस वाचवण्यासाठी सगळा स्वयंपाक पुन्हा धुराच्या चुलीवर नेऊ नये; अंघोळीचे पाणी अंगणात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, तापवावे आणि डाळ आधी भिजवावी.

तेलाचा पिपा स्वस्त पडतो, पण भरलेला पिपा समोर दिसला की हात सैल सुटतो. मी दर पंधरा दिवसांनी एक बरणी भरून काढते. ती लवकर संपली, तर पाऊस कितीही पडो, आमच्याकडे भजी होत नाहीत.