वस्तीतला अभ्यासवर्ग: वाचता न येता आठवीत पोचलेल्या मुलांपासून सुरुवात कशी करावी

वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करायचा आहे असे कोणी म्हटले की त्याला पहिला सल्ला मिळतो तो देणगीदार शोधण्याचा, दुसरा दप्तरे वाटण्याचा आणि तिसरा एखाद्या यशस्वी अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवण्याचा. असे सल्ले देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जूनपासून मार्चपर्यंत सलग एकही वर्ग चालवलेला नसतो. दप्तर नाही म्हणून शाळा सुटलेले मूल मला अजून भेटायचे आहे. वाचता येत नाही म्हणून शाळेतून हळूहळू बाहेर सरकलेली मुले मात्र वस्तीच्या प्रत्येक गल्लीत भेटतात. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा वाचनाला दिली आहे आणि बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगितल्या आहेत.

जागा, वेळ आणि शिकवणारी माणसे

जागा वस्तीतच असावी. समाजमंदिर, अंगणवाडीची खोली किंवा महापालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग पुरतो. एकाच समाजाची किंवा एकाच पक्षाची मानली जाणारी जागा कितीही प्रशस्त असली तरी घेऊ नये, कारण अर्धी वस्ती तिथे पाऊल टाकत नाही आणि त्याचे कारण कोणी तोंडावर सांगतही नाही. वेळ ठरवताना नळाला पाणी कधी येते आणि धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आया घरी कधी परततात, हे आधी विचारावे, कारण त्या वेळेत धाकटी भावंडे सांभाळणे आणि पाणी भरणे ही मोठ्या मुलींची कामे असतात.

शिकवणारी ताई शक्यतो वस्तीतलीच असावी, निदान बारावी झालेली असावी आणि तिला दरमहा मानधन मिळावे. रविवारी येणारे महाविद्यालयीन स्वयंसेवक मनाने चांगले असतात, परंतु परीक्षेच्या महिन्यात, म्हणजे नेमकी मुलांना गरज असते तेव्हा, त्यांचीही परीक्षा असते. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला, तेव्हा त्याच परिसरातल्या, जेमतेम दहावी झालेल्या तरुणींना मागे पडलेल्या मुलांचे लहान गट शिकवायला दिले होते. त्या मुलांची प्रगती मोजण्यात आली आणि ती स्पष्ट दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा ‘शिकलेले लोक वस्तीत मिळत नाहीत’ ही सबब कोणी सांगू नये.

चाचणी: कोणाला खरोखर काय येते

मी बराच काळ अडून राहिले ती पायरी ही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्यात आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याची तरतूद होती. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना ती बदलण्याची मुभा मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. धोरण कोणतेही असो, मूल आठवीत आहे एवढ्यावरून त्याला काय वाचता येते हे मुळीच कळत नाही.

याचे एक कारण असे की ही मुले वाचता न येणे लपवण्यात अत्यंत तरबेज झालेली असतात. त्यांच्या वह्या सुवाच्य असतात, कारण फळ्यावरचे आणि गाईडमधले जसेच्या तसे उतरवून काढण्याचा सराव त्यांना वर्षानुवर्षे झालेला असतो. धडा वाचायला सांगितला तर तो पाठ असतो. नवा धडा दिला तर घसा बसलेला असतो, पुस्तक घरी राहिलेले असते किंवा नेमकी तेव्हाच तहान लागते. शिक्षक, पालक आणि नवखे कार्यकर्ते या वह्यांना हमखास भुलतात. वही पाहून कोणालाही कोणत्याही गटात घालू नये.

चाचणीसाठी तीस पानांची प्रश्नपत्रिका तयार करण्याचा खटाटोप करू नये. देशभर २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ पाहणीत वापरतात ते साधे कागद पुरेसे आहेत: काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला परिच्छेदापासून सुरुवात करू द्यावी. जमले तर गोष्टीकडे आणि अडले तर शब्दांकडे, मग अक्षरांकडे जावे. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे त्याला एकट्याला, कोपऱ्यात, इतरांच्या कानांपासून दूर द्यावीत. चौदा वर्षांच्या मुलाला धाकट्या बहिणीसमोर ‘कमळ’ वाचायला लावले आणि तो अडखळला, तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि त्याचे मित्रही येणार नाहीत. निकाल वहीत लिहावा, भिंतीवर लावू नये.

गट इयत्तेवरून न पाडता या पातळीवरून पाडावेत. मात्र सातवी ते नववीच्या मुलांना तिसरी-चौथीच्या मुलांसोबत बसवू नये, पातळी तंतोतंत सारखी असली तरीही. मोठ्यांचा अक्षर-शब्द गट वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या खोलीत घ्यावा आणि त्याला ‘कच्चा’ किंवा ‘ढ’ असे सुचवणारे कोणतेही नाव देऊ नये. माझ्या माहितीतल्या एका वर्गात या गटाचे नाव फक्त ‘साडेसहाचा गट’ असे आहे आणि तेवढे पुरते.

वाचायला शिकवणे

मोठ्या मुलाच्या हातात पहिलीचे पुस्तक देऊ नये. त्यातली चित्रे पाहूनच त्याला आपली पातळी कळते आणि अपमान वाटतो. मजकूर त्याच्याच तोंडून घ्यावा. काल काय झाले ते त्याला सांगायला लावावे, त्याने सांगितलेली चार वाक्ये त्याच्याच शब्दांत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावीत आणि तोच कागद त्याला वाचायला द्यावा. ‘मी काल मामासोबत मार्केट यार्डात गेलो’ हे वाक्य त्याला आधीच अर्थासकट माहीत असते, त्यामुळे डोळ्यांनी अक्षरे शोधण्याचे एकच काम उरते. मग त्यातले चार शब्द सुटे करावेत, शब्दांतून अक्षरे काढावीत आणि त्याच अक्षरांचे नवे शब्द करावेत. बसवरच्या पाट्या, दुकानांची नावे, रेशनकार्डावरची घरच्यांची नावे हाही या वयाला शोभणारा मजकूर आहे.

घरी गोरमाटी, पारधी, कैकाडी, तेलुगूशी नाते सांगणारी वडारी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या भाषेत सांगू द्यावे आणि मराठी वाक्य दोघांनी मिळून करावे. त्याची बोली ‘अशुद्ध’ म्हणणारी ताई वर्गात ठेवू नये, याबाबतीत माझे मत ठाम आहे.

बाराखडीचा तक्ता वापरावा, पण तो आडवा वाचून घेण्याची पद्धत बंद करावी. ‘क का कि की’ ही ओळ मुले गाण्यासारखी म्हणतात. बोट ‘कु’वर असते तेव्हा तोंडात ‘कै’ असतो आणि ताई समाधानाने मान डोलावत असते. तक्ता उभा वाचून घ्यावा: का, खा, गा, घा. त्यात चाल लागत नाही आणि मूल खरोखर अक्षर पाहते. अधूनमधून कोठेही बोट ठेवून विचारावे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, त्यामुळे तिथे मुले हमखास अडतात. तिला दोन-तीन दिवस स्वतंत्र द्यावेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र पहिल्या काही महिन्यांत दुरुस्त करूच नये. लाल शाईने भरलेला कागद पाहून मूल लिहिणे थांबवते आणि वाचनाला त्याने काडीचाही फायदा होत नाही.

जोडाक्षरांची घाई करू नये आणि ती टाळूही नयेत, कारण आठवीच्या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक ओळ जोडाक्षरांनी भरलेली असते. सुरुवात उभी काना-रेघ सुटून अर्धी होणाऱ्या अक्षरांपासून करावी: त्या, म्ह, स्त, ल्ला. त्यानंतर ‘र’ची चार रूपे एकाच दिवशी न शिकवता एकेक करून घ्यावीत, आणि त्यांसाठी मुलांच्या तोंडातले शब्द निवडावेत: ‘प्रेम’, ‘ट्रक’, ‘सूर्य’, ‘दुसऱ्या’. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असतो पण आधी वाचायचा असतो, हे सांगून समजत नाही, वीसएक शब्द वाचूनच अंगवळणी पडते.

हे सारे रोज पाऊण तास आणि गृहपाठाच्या आधी झाले पाहिजे. पालकांची मागणी गृहपाठ पूर्ण करून देण्याची असते, शाळेचीही तीच असते, आणि ताईने उत्तरे सांगून वह्या भरून घेतल्या की सगळे खूश होतात. परंतु असा वर्ग म्हणजे उतरवून काढण्याची आणखी एक जागा होय. पाऊण तासाचा नियम वर्गाच्या पहिल्याच पालकसभेत सांगावा आणि कोणासाठीही मोडू नये. रोज येणारे मूल काही महिन्यांत परिच्छेदापर्यंत पोचते. आठवड्यातून दोनदा येणारे मूल वर्षभर शब्दांवरच राहते. म्हणून हजेरी हा गटाच्या ताईचा विषय आहे: मूल सलग दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी घरी जावे, रागावण्यासाठी न जाता नुसते विचारण्यासाठी जावे.

गणितात एकक-दशकाची समज आणि हातच्याची वजाबाकी तपासून तिथूनच सुरुवात करावी. सुट्या पैशांचा हिशेब या मुलांना आपल्यापेक्षा चांगला येतो, त्याचा उपयोग करावा.

दाखले आणि शाळाप्रवेश

शाळेबाहेरच्या मुलाला प्रवेश नाकारला गेला तर वाद घालण्याऐवजी शिक्षण हक्क कायद्याचे कलम लेखी दाखवावे. सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाला कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि असा प्रवेश घेतलेल्या मुलाचे प्राथमिक शिक्षण चौदा वर्षे उलटल्यानंतरही पूर्ण होईपर्यंत मोफतच असते. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला (कलम ५) किंवा जन्माचा पुरावा नाही (कलम १४) ही प्रवेश नाकारण्याची कारणे होऊ शकत नाहीत.

जातीच्या दाखल्याचे काम मूल सातवीत असतानाच सुरू करावे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ या मानीव (म्हणजे शासनाने पात्रतेसाठी धरलेल्या) तारखांच्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि सतत फिरत राहिलेल्या कुटुंबाकडे तो घरात सापडत नाही. आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेतले जुने नोंदवहीचे उतारे काढावे लागतात. दहावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभे राहून हे काम होत नाही.

आठवीत असलेल्या आणि गोष्ट सहज वाचणाऱ्या मुलांना ‘एनएमएमएस’ या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी ती असते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता या दोन्ही चाचण्यांत प्रत्येकी ९० प्रश्न असतात. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घेणे एवढीच तयारी लागते.

नववी आणि दहावी

मुली नववीत गळतात, आणि त्यात अभ्यासापेक्षा ये-जा करण्याची भीती व लग्नाची बोलणी यांचा भाग अधिक असतो. वर्गातून परतणाऱ्या मुलींना गल्लीनिहाय एकत्र सोडावे आणि त्यांच्या आयांशी वर्षभर बोलणे ठेवावे; लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी गेलात तर तुमचे कोणी ऐकणार नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि घरचे ऐकत नसतील, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे, वस्तीतले संबंध बिघडतील याचा विचार त्या वेळी करू नये.

शाळा पूर्णपणे सुटलेल्या मुलाला दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसवण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज असतो. वय चौदा पूर्ण, निदान पाचवी उत्तीर्ण आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एवढे त्याला लागते. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हे अर्ज परीक्षेच्या आदल्या पावसाळ्यातच भरले जातात, त्यामुळे दिवाळीनंतर आलेल्या मुलाला त्या वर्षी काहीच करता येत नाही. तेव्हा जूनमध्येच वस्तीतून एक फेरी मारावी आणि गॅरेजमध्ये, वडापावच्या गाडीवर व बांधकामावर लागलेल्या मुलांना गाठावे. दहावीत नापास झालेल्यांसाठी जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते आणि दोन विषयांपर्यंत राहिलेल्यांना एटीकेटीने (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने) अकरावीत प्रवेश मिळतो, ही माहिती निकालाच्या दिवशी संध्याकाळी घरोघर जाऊन द्यावी. पुरवणीचा अर्ज भरण्यासाठी निकालानंतर मोजकेच दिवस मिळतात आणि नापास झालेले मूल त्या दिवसांत स्वतःहून वर्गाकडे फिरकत नाही.