‘चीट’चं स्पॅनिश करायचं तर आधी मराठीत या

इंग्रजीत ‘चीट’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. स्पॅनिशमध्ये प्रत्येक लबाडीला वेगळा शब्द आहे, आणि मराठीतही तसंच आहे. म्हणून बेळगावात माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, डिक्शनरी उघडण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघा.

परीक्षेत ‘चीट’ केलं म्हणजे आपण ‘कॉपी केली’ म्हणतो, स्पॅनिशमध्येही कोपियार. खिशातल्या चिठ्ठीला स्पेनमध्ये चुलेता म्हणतात, मेक्सिकोत आकोर्देओन. पत्त्यांत लबाडी केली तर आसेर त्राम्पा. नवऱ्यानं बायकोला फसवलं तर एंगान्यार.

पुढची पायरी पैशाची, आणि तिथे घाई नको. खानापूरच्या एका विद्यार्थिनीनं वाक्य आणलं होतं: भिशीचे पैसे सांभाळणारी बाई ते घेऊन पसार झाली. तिनं लिहिलं होतं, एस्ताफा.

मी विचारलं, “बाईनं खोटं सांगून पैसे काढले, की विश्वासानं दिलेले नंतर गिळले?”

“आधी सगळं व्यवस्थित होतं, मॅडम. नंतर नियत फिरली.”

मग तो अपहार. स्पेनमध्ये त्याला आप्रोपियासियोन इंदेबिदा म्हणतात. एस्ताफामध्ये थाप आधी येते आणि तिला भुलून माणूस आपल्या हातानं पैसे देतो. स्पेनच्या दंडसंहितेत एस्ताफा कलम २४८ मध्ये आहे, अपहार २५३ मध्ये. आपल्या भारतीय न्याय संहितेतही फसवणूक ३१८ आणि विश्वासघात ३१६ अशी वेगळी कलमं आहेत. सरकारी पैसा खाल्ला तर मालवेर्सासियोन. बँकेचा माणूस बनून फोन करणं, म्हणजे तोतयेगिरी, ते सुप्लांतासियोन दे इदेंतिदाद.

म्हणी मात्र शब्दाला शब्द लावून नेऊ नका. आपण टोपी घालतो, शेजारचा कन्नड माणूसही ‘टोपी हाकिदा’ म्हणतो, पण स्पॅनिश माणसाला ती टोपी कळणार नाही. चांगला माल दाखवून खराब गळ्यात मारला, तर तो म्हणतो ‘दार गातो पोर लिएब्रे’, सशाच्या नावाखाली मांजर दिलं. मला ही म्हण फार आवडते.

शेवटी एक खड्डा. ‘डिसेप्शन’ दिसलं की हात आपोआप ‘देसेप्सियोन’ लिहितो. त्याचा अर्थ अपेक्षाभंग. बँकेच्या तक्रारीत तो शब्द गेला, तर वाचणाऱ्याला वाटेल तुमचं मन खट्टू झालंय. तिथे एंगान्यो लिहा.