एसएनसीयूत ऑडिट सुरू करायचंय? थर्मामीटरपासून करा

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बाळ गेलं की डेथ फॉर्म भरायचा, कारणाच्या रकान्यात 'प्रीमॅच्युरिटी' नाहीतर 'सेप्सिस' (अंगभर पसरलेलं इन्फेक्शन) लिहायचं आणि फाईल कपाटात. बऱ्याच ठिकाणी हे असंच चालतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दातून पुढचं बाळ वाचवायला काहीच मिळत नाही. दिवस कमी होते हे तर माहितीच होतं, पण ते गार पडलं होतं का, शुगर कधी बघितली, अँटिबायोटिकची ऑर्डर झाल्यावर पहिला डोस किती वेळाने गेला, हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

ऑडिट म्हणजे हेच, आपलं काम ठरलेल्या स्टँडर्डशी ताडून बघायचं आणि सुधारायचं. तर आधी मागच्या सहा महिन्यांतले मृत्यू एका वहीत काढा. वजन, किती आठवड्यांचं, इनबॉर्न (आपल्याच रुग्णालयात जन्मलेलं) की आऊटबॉर्न (बाहेरून आलेलं), भरती झाल्यावर किती तासांत गेलं, दिवसा की रात्री. नावं नकोत, ना बाळाचं ना ड्युटीवरच्या सिस्टरचं.

मग विषय एकच घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ॲडमिशनचं तापमान घ्या, स्टँडर्ड ठरलेलं आहे, 36.5 ते 37.5 डिग्री सेल्सिअस, मोजायला थर्मामीटर सोडून काही लागत नाही, आणि बाळ गार पडलं की श्वास, शुगर, इन्फेक्शन सगळंच बिघडायला लागतं. इथे फक्त गेलेल्या बाळांचे नाही, भरती झालेल्या सगळ्यांचे केसपेपर बघायचेत, ओळीने 30 घ्या, चांगले चांगले निवडून नाही. तापमान लिहिलेलंच नसेल तर 'नोंद नाही' असंच मोजा, आठवून आकडा भरू नका.

समजा 30 पैकी 11 बाळं 36.5 च्या खाली निघाली. आता लेबर रूममध्ये जाऊन उभे राहा, दोन-तीन डिलिव्हरी नुसत्या बघा. पंखा थेट बाळाच्या अंगावर, ज्या टॉवेलने पुसलं त्याच ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, सिझरचं बाळ लांबच्या कॉरिडॉरमधून अर्धं उघडं आणलेलं. आमच्याकडे वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, आधीपासून तापवून न ठेवता बाळ आल्यावर चालू व्हायचा आणि हे आम्हाला डॉक्टरांना कळलंच नव्हतं, मावशींनी सांगितलं. म्हणून मिटिंगला लेबर रूमच्या सिस्टर, मावशी, भूलतज्ज्ञ सगळ्यांना बसवा, आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की यातून कोणालाही मेमो निघणार नाही, नाहीतर पुढच्या महिन्यापासून प्रत्येक पेपरवर 36.8 लिहून येईल.

उपाय छोटे ठेवा आणि प्रत्येकाला एक माणूस नेमा. दोन गरम टॉवेल, एकाने पुसायचं, तो बाजूला टाकून दुसऱ्यात गुंडाळायचं, डोक्याला टोपी, रडलेलं बाळ सरळ आईच्या छातीवर, खोली किमान 25 डिग्री, पहिले 24 तास अंघोळ नाही. दोन महिन्यांनी परत ओळीने 30 पेपर काढा, हे दुसरं मोजमाप बहुतेक जण सोडून देतात आणि मग ऑडिट झालंच नाही असं समजा. आकडा हलला नसेल तर माणसं नाही, उपाय बदला.

आऊटबॉर्नचा आकडा वेगळा काढा. ती जास्त गार येत असतील तर ज्या ग्रामीण रुग्णालयातून येतात तिथल्या सिस्टरना फोन करा, दरडावायला नाही, त्यांच्याकडे टोप्या, कोरडे कपडे आहेत का ते विचारायला. आणि आईची तब्येत बरी असेल तर 108 मध्ये तिलाही सोबत बसवायला सांगा, बाळ कांगारू पद्धतीने छातीशी धरून.