सुंठ-गुळाच्या मऊ-चिवट ग्लूटेनमुक्त कुकीज घरी कशा कराव्यात

माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने तिच्या आतड्याला इजा होत असल्याचं, कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती. पोळी बंद झाली, तिची जागा ज्वारीच्या भाकरीने घेतली, आणि त्यात फारसं अवघड काही वाटलं नाही. अडलं ते डब्यातल्या खाऊपाशी. विकतची ग्लूटेनमुक्त बिस्किटं तोंडात टाकली की त्यांचं पीठ होऊन टाळ्याला चिकटायचं. तिला हवी होती ती कुकी वेगळी. मोडायला गेलं तर कडकन न तुटता आधी वाकणारी, मध्ये ओलसर, थोडी चघळावी लागणारी. रामनवमीच्या सुंठवड्याची तिला फार आवड, म्हणून चव सुंठीचीच ठरली. ती कुकी जमेपर्यंत बरेच घाणे गेले. आता ती दर वेळी जमते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

चिवटपणा येतो कुठून

गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. हेच ग्लूटेन. पुरणपोळीची कणीक तिंबल्यावर रबरासारखी ताणली जाते ती या जाळ्यामुळेच. ज्वारीत ते नाही. भाकरी थापणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी कडेने चिरत जाते. मग आपण आधणाचं पाणी घालून ते पीठ सांधून घेतो.

कुकीत मात्र या जाळ्याचं काम मुळातच कमी असतं, कारण लोणी आणि साखर त्याला वाढूच देत नाहीत. कुकी चिवट होते ती आत धरून ठेवलेल्या ओलाव्यामुळे. गुळात साध्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. ही दोन्ही पाणी ओढून धरतात. काकवीत ती आणखी जास्त असतात. म्हणून या कुकीत गूळ आणि काकवी दोन्ही लागतात. नुसत्या पिठीसाखरेने केलीत तर नानकटाईसारखी भुसभुशीत होईल. छान लागेल, पण ही कुकी होणार नाही.

पीठ बांधून ठेवायला इसबगोल घेते. परदेशी कृतींमध्ये झँथन गम सांगतात, तो मी वापरून पाहिला आहे, पण इसबगोल कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो आणि पाणी धरण्यात अजिबात कमी पडत नाही. ताणासाठी साबुदाण्याचं पीठ. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, आणि भिजल्यावर तो किती लवचिक होतो ते खिचडी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

गिरणीचं आधी बघा

घरात सिलिअ‍ॅकचा रुग्ण असेल तर हा भाग कृतीपेक्षाही महत्त्वाचा आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यातून दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठात ते असतं. आपल्याकडे ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गिरणीच्या पट्ट्यात आणि कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. ‘ज्वारी आधी दळा’ असं सांगून भागत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला जात नसेल तर उत्तम. नसेल तर वेष्टनावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं पीठ आणा.

तसंच चाळणीचं. पिठाची चाळणी उजेडासमोर धरून तिची कड बघा. जाळी आणि पत्रा जुळतो त्या खाचेत पांढरी रेघ दिसेल. ते गव्हाचं पीठ आहे आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. या कामासाठी वेगळी चाळणी घ्या, स्टीलचं पातेलं घ्या, लाकडी चमचा टाळा. मसाले अख्खे आणून घरीच कुटा. सुट्या पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. जाता जाता सांगते, बांधानी, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या, हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. या कुकीत हिंग नाही, पण त्याच घरातल्या आमटीत असतो.

साहित्य (साधारण १८ कुकीज)

ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ ५० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ३० ग्रॅम.
बेकिंग सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा.
सुंठ पूड २ छोटे चमचे, दालचिनी पूड १ छोटा चमचा, लवंग, जायफळ आणि मिरी यांची पूड प्रत्येकी पाव छोटा चमचा.
चिरलेला गूळ १३० ग्रॅम, काकवी २ मोठे चमचे, पाणी २ मोठे चमचे.
बिनमिठाचं बटर ११० ग्रॅम.
अंडं १, इसबगोल २ छोटे चमचे.
घोळवायला साधी साखर.

वाटीचं माप इथे धरू नका. ज्वारीचं पीठ दाबून भरलं की सैल, यावर वाटीत बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा.

गूळ साधा घ्या, चिक्कीचा नको. काळपट, किंचित मऊ गूळ असेल तर फारच छान. अंडं चालत नसेल तर जवसाची पूड १ मोठा चमचा आणि कोमट पाणी ३ मोठे चमचे एकत्र करून दहा मिनिटं ठेवा. बटरऐवजी तूप घ्यायचं तर ९० ग्रॅम घ्या आणि पाणी एक मोठा चमचा वाढवा. तुपाच्या कुकीला वास सुरेख येतो, मात्र ती थोडी जास्त पसरते.

आदल्या रात्री

साबुदाणा कढईत मंद आचेवर कोरडा गरम करा, रंग बदलू देऊ नका. गार झाला की मिक्सरमधून अगदी बारीक काढून चाळा. तिन्ही पिठं, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र करून दोनदा चाळून ठेवा.

अंडं फेटून त्यात इसबगोल घाला आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. ते दाटसर, बुळबुळीत होईल. तसंच व्हायला हवं.

आता गुळाकडे नीट लक्ष द्या. गूळ, काकवी आणि पाणी पातेल्यात घालून अगदी बारीक आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आपल्याला गूळ फक्त विरघळवायचा आहे. कडेला पहिले बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. उकळी फुटून तो फसफसू लागला तर पाक व्हायला लागतो, आणि पाक झाला की कुकी दुसऱ्या दिवशी चिक्कीसारखी वाजते. संक्रांतीला मऊ वडी आणि कडक वडी यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही आहे. खडे शिल्लक असतील तर गॅस बंद ठेवूनच चमच्याने दाबून मोडा, पातेल्याची ऊब पुरते. मग गाळून घ्या. गाळणीत उसाची चिपाडं आणि रेती राहिलेली दिसेल.

गाळलेल्या गरम गुळात बटरचे तुकडे घालून ढवळा. वर तूप तरंगेल, घाबरू नका. मिश्रणात बोट पाच सेकंद सहज ठेवता येईल इतकं कोमट झालं की अंड्याचं मिश्रण घाला आणि जोरात फेटा. बघता बघता ते एकजीव, चकचकीत, कॉफीच्या रंगाचं होतं. घाई करून गरम असतानाच अंडं घातलंत तर ते शिजून गाठी होतील.

यात कोरडं मिश्रण घालून कालवा. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट आणि थालीपिठाच्या पिठाहून सैल दिसेल. इथे हमखास मोह होतो तो मूठभर पीठ आणखी घालण्याचा. घालू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा. निदान दोन तास, पण रात्रभर ठेवलं तर फार फरक पडतो. ज्वारीचा कण पाणी सावकाश पितो. न मुरलेल्या पिठाची कुकी दाताखाली करकरते, मुरलेल्या पिठाची नाही. सकाळी तेच पीठ गार खव्यासारखं घट्ट झालेलं असतं.

भाजताना

ओव्हन किंवा ओटीजी १७५ अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, पंधरा मिनिटं तापवा. ट्रेला बेकिंग पेपर लावा. २८ ते ३० ग्रॅमचे, पेढ्याहून थोडे मोठे गोळे करा, साखरेत घोळवा आणि दोन गोळ्यांत दोन-तीन बोटं अंतर सोडून ठेवा. दाबून चपटे करू नका, ते आपोआप बसतात.

मधल्या कप्प्यात १० ते ११ मिनिटं. बाहेर काढायची वेळ ओळखणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे. कड बसलेली असेल, वर भेगा पडलेल्या असतील, आणि भेगांच्या आत अजून ओलं, कच्चं वाटेल. नेमकी तेव्हाच काढा. मधला भाग कोरडा दिसेपर्यंत थांबलात तर ओलावा निघून गेला, आणि मग गूळ-काकवीची सगळी मेहनत फुकट. फुगलेली कुकी बाहेर आल्यावर खाली बसते आणि गरम ट्रेवर आतून शिजत राहते. दहा मिनिटं हात लावू नका, कारण ग्लूटेन नसल्यामुळे गरम असताना ती उचलताच मोडते. त्यानंतर जाळीवर काढा.

प्रत्येक ओव्हनची आच वेगळी. म्हणून पहिल्यांदा दोनच कुकीज भाजून बघा आणि आपल्या ओव्हनची मिनिटं लिहून ठेवा.

फार पसरल्या तर पीठ पुरेसं गार नव्हतं. चुरा होत असेल तर इसबगोल अर्धा चमचा वाढवा आणि पीठ ताजं आहे ना ते बघा. केकसारख्या फुगल्या तर सोडा जास्त पडला. गुळात थोडी आम्लता असते, सोडा तिच्याबरोबर काम करतो, त्यामुळे थोडासाच पुरतो.

ज्वारीतली ४० ग्रॅम काढून तेवढी नाचणी घातली तर रंग चॉकलेटी येतो आणि सुंठ अधिक खुलते. सगळीच नाचणी घालू नका, कुकी जड होते. बाजरी घ्यायची असेल तर त्याच दिवशी दळलेली घ्या, तिचं पीठ फार लवकर कडवट होतं.

या कुकीज दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात. गूळ रात्रभर ओलावा ओढून घेतो आणि मसाले मुरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस राहतात, पावसाळ्यात मात्र दोन दिवसांत संपवा. भाजलेल्या कुकीज फ्रिजमध्ये ठेवू नका, कोरड्या पडतात. त्यापेक्षा कच्चे गोळे डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. भाचीच्या शाळेत कुणाचा वाढदिवस असला की मी सकाळी त्यातले दोन काढते, तसेच गोठलेले साखरेत दाबून ट्रेमध्ये ठेवते आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजते. ती वेणी घालून येईपर्यंत डबा तयार असतो.